शेगडीचे वकीलपत्र

दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणे हा आपल्याकडचा सर्वांत जुना गृहोद्योग आहे. त्याला भांडवल लागत नाही, बँकेचे कर्ज लागत नाही आणि तो कधी बुडीत निघाल्याचे ऐकिवात नाही. आता खापर ही वस्तू मुळात स्वयंपाकघरातली. मातीची भांडी होती तोवर घरात खापरांना तोटा नव्हता आणि डोक्यांनाही नव्हता. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टील आले. खापर गेले, पण फोडायची सवय राहिली. सध्या हे मानाचे डोके गॅसच्या शेगडीला मिळालेले आहे.

भाकरी करपली, शेगडी भडकते. भाकरी कच्ची राहिली, शेगडी मंद आहे. पातेली काळी पडली, शेगडी धूर करते. सिलिंडर महिन्याच्या आत संपला की मग तर बोलायलाच नको. "शेगडी गॅस खाते" हे वाक्य बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत कुठल्याही घरात कानावर पडते. शेगडीने गॅस नाही खायचा तर काय हुरडा खायचा?

बरे, शेगडीवर खापर फोडून प्रकरण मिटते असेही नाही. फुटलेल्या खापराचे तुकडे शेगडीला लागत नाहीत, ते शेगडीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या पायात रुततात. "शेगडी गॅस खाते" नंतरचे वाक्य "तुम्हाला जपून वापरता येत नाही" हे असते. "शेगडी धूर करते" नंतरचे वाक्य "आमच्या आईच्या वेळेला असं नव्हतं" हे असते. आईच्या वेळेला चूल होती आणि घर नखशिखांत काळे होते, ही बारीक गोष्ट त्या वेळी कुणाला आठवत नाही.

मी बी.कॉम. झालेला साधा बँक कारकून. यंत्रशास्त्राशी माझा संबंध स्टेपलरपुरता. पण ज्याने व्यवहार केला नाही त्याच्या खात्यात रक्कम नावे टाकायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. त्या नियमाने मी शेगडीचे खाते तपासले. शेगडीच्या नावे टाकलेल्या नव्वद टक्के नोंदी चुकीच्या आहेत. (नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, ऑडिटरचा नाही.) त्या बाईच्या नावेही पडत नाहीत. त्या ज्याच्या नावे पडायला हव्यात तो गृहस्थ त्या वेळी बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन पेपर वाचत असतो. म्हणून हे वकीलपत्र.

पहिला आरोप पिवळ्या ज्योतीचा. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत. परवा रस्त्यातच मला थांबवून म्हणाले, "साहेब, शेगडी गेली बघा. पिवळी पेटायलीय. भांडी कोळशावानी काळी. आमच्या हिला घासून घासून जीव नकोसा झालाय. आता नवीच घ्यावं म्हनतो. कर्ज मिळंल का?"

मी विचारले, "गुरुजी, बर्नर कधी काढून धुतला होता?"

गुरुजी म्हणाले, "बर्नर निघतो का?"

निघतो, वाचकहो. शेगडी गार झाल्यावर तो वर उचलला की हातात येतो. त्याला ना पाना लागतो, ना पदवी लागते. गंमत अशी, की आपल्या ओट्यावर जे पेटते ते जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन नावाच्या प्रोफेसरांनी १८५५ च्या सुमारास वापरात आणलेल्या बर्नरचे तत्त्व आहे. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळायची, म्हणजे ज्योत निळी, गरम आणि बिनधुराची होते. आपल्या शेगडीत बारीक भोकाच्या जेटमधून गॅस जोराने सुटतो, जाताना बाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो, दोघे आडव्या नळीत मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून वर येऊन पेटतात. आता त्या भोकांत उतू गेलेले दूध, वरणाचा फेस आणि गेल्या दिवाळीतले बेसन बसले असेल, तर हवा पुरी कशी मिळणार? हवा कमी पडली की ज्योत पिवळी, ज्योत पिवळी की काजळी, आणि काजळी म्हणजे न जळता भांड्याला चिकटलेले तुमचे पैसे. आयएसआय शिक्क्याच्या घरगुती शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला पोचवावी असे मानक आहे. म्हणजे शेगडी चकचकीत असली तरी जवळजवळ एक तृतीयांश हवेतच जाते. त्यावर भोके बुजली की उरलेल्यालाही गळती लागते. गॅस शेगडी खात नाही, साय खाते.

उपाय असा. बर्नर साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घालायचा. पितळी असेल तर चिंचेने घासायचा, देवाची समई घासतो तसा. एकेक भोक सेफ्टी पिनने मोकळे करायचे. आगपेटीची काडी वापरायची नाही, ती आत मोडते आणि मग रोग परवडला पण औषध नको अशी गत होते. पुरता वाळवून, खाचेत खाच बसवून परत ठेवायचा. खाच नीट बसली नाही, की पेटवताना फट्‌ असा आवाज होतो आणि ज्योत एका अंगाला झुकते. लोक त्याला शेगडी बिघडली म्हणतात. टोपी तिरकी घातली म्हणून माणसाचे डोके बिघडले असे आपण म्हणतो का?

यावर आमच्या पुरुषवर्गाचा ठरलेला बचाव येतो. "ते बायकांचं काम आहे. आपल्याला त्यातलं काय कळतं?" हा बचाव मी मान्य करीत नाही. याच वर्गाने आयुष्यभर स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासला आहे. रविवारी सकाळी दारात स्कूटर आडवी करून, कार्बुरेटर उघडून, जेट तोंडाने फुंकून साफ केला आहे आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवला आहे. कार्बुरेटर म्हणजे तरी काय? इंधनात हवा मिसळणारी वस्तू. शेगडीचा बर्नर म्हणजे काय? इंधनात हवा मिसळणारी वस्तू. एकाच तत्त्वाची दोन यंत्रे. एक दारात उभे असते म्हणून ते मर्दाचे, आणि दुसरे ओट्यावर बसते म्हणून ते बाईचे? नव्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला, त्यामुळे या मंडळींची रविवारची सकाळ आता तशीही मोकळी आहे.

एक धोक्याची सूचना मात्र देऊन ठेवतो, कारण उत्साही माणूस आळशी माणसापेक्षा जास्त नुकसान करतो. शेगडीच्या पोटातल्या जेटला सुई लावायची नाही. आपल्या हाताला ही खोड लागली ती पंपाच्या स्टोव्हपासून. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली प्रायमस स्टोव्ह काढला आणि त्याच्या भावंडांनी आपल्याकडची स्वयंपाकघरे काबीज केली. काकडा पेटवायचा, पंप मारायचा आणि नॉझल बुजले की पिन मारायची. आमच्या लहानपणी स्टोव्हची पिन शोधणे हा घरातल्या सर्व मुलांचा सामुदायिक कार्यक्रम असे. पण गॅसच्या जेटचे भोक मोजून पाडलेले असते. सुईने ते रुंदावले की गॅस जास्त, हवा तेवढीच, आणि पुन्हा पिवळी ज्योत. बर्नर आपला, जेट मिस्त्रीचा, अशी सरळ वाटणी करावी.

स्टोव्हचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट हसण्यावारी न नेता सांगायला हवी. बेभरवशाचा वाटत असला तरी त्या स्टोव्हवर या देशात जेवढे खोटे आरोप झाले तेवढे दुसऱ्या कुठल्या यंत्रावर झाले नसतील. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' अशा चार ओळी एके काळी पेपरच्या आतल्या पानात पुन्हा पुन्हा येत. खरे अपघातही होत, नाही असे नाही. पण स्टोव्ह केवढा चोखंदळ! घरातले सगळे त्याच्यावर पाणी तापवणार, चहा करणार, आणि तो भडकायचा तो बहुधा सुनेच्याच अंगावर, त्यातही माहेरून पैसे यायचे राहिले असतील तेव्हा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी स्टोव्हवरची नजर हलवून माणसाकडे वळायला कायद्याला आणखी बावीस वर्षे लागली. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ आले, १९८६ साली ३०४-ब आले. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीने गेली आणि तिचा हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर जाब सासरच्यांना द्यावा लागू लागला. १ जुलै २०२४ पासून संहिताच बदलली आणि कलमांचे आकडे बदलून ८५ आणि ८० झाले. अर्थ तोच राहिला. 'शेगडी बिघडली' आणि 'स्टोव्ह भडकला' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो फार मोठा आहे, हे मला समजते. पण दोन्ही वाक्यांत कर्त्याच्या जागी वस्तू बसवली आहे, आणि माणूस वाक्यातून पळून गेला आहे. व्याकरणातली ही पळवाट घरात इतक्या सहज चालू देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता दुसरा आरोप, मंद ज्योतीचा. पौषातली सकाळ, नळाचे पाणी बोटांना चावते आहे, सिलिंडर तळाला आला आहे आणि ज्योत मिणमिणते आहे. घरमालक येतो आणि शेगडीला एक चापट मारतो. टीव्हीला मारलेली चापट पूर्वी कधीमधी लागू पडे, म्हणून हा प्रयोग. वास्तविक सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपाने असतो, तो आत उकळून वाफ होऊन वर येतो आणि त्याला लागणारी ऊब बाहेरून घेतो. थंडीत ती कमी मिळते, दाब उतरतो. शेगडीचा यात काय अपराध? मग सुरू होतात घरगुती उपचार. सिलिंडर हलवणे, गरम पाण्याच्या टोपल्यात बसवणे आणि शेवटी आडवा पाडणे. दमेकऱ्याला करतात तसले हे उपचार सिलिंडरला करू नयेत. आडवा पाडला तर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरकडे येतो, आणि मग ज्योत मंद असल्याची तक्रार करायला कुणी जागेवर राहील याची खात्री नाही.

सिलिंडर लवकर संपतो अशी शंका असेल तर ती शेगडीला न विचारता काट्याला विचारावी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. एकूण वजनातून ते वजा करायचे. एवढी वजाबाकी करायला बी.कॉम.सुद्धा व्हावे लागत नाही. तरीही दारात आलेला सिलिंडर वजन करून घेणारा पुरुष मी क्वचितच पाहिला. तोच गृहस्थ मोंढ्यात कापसाच्या वजनात पाव किलो मारला म्हणून अडत्याशी तासभर भांडतो.

तिसरा आरोप, शेगडी पेटतच नाही. आपोआप पेटणाऱ्या शेगडीची ठिणगी देणारी टोकाची कांडी ओली असते, कारण नुकताच ओटा पुसलेला असतो. कोरड्या फडक्याने पुसली की काम होते. पण आमचे शूर वीर बटण पुरते फिरवून खट्‌ खट्‌ खट्‌ करीत राहतात आणि गॅस तेवढा वेळ घरभर फिरत राहतो. क्रम साधा आहे. काडी असेल तर आधी काडी पेटवायची, मग बटण. लायटर असेल तर तो आधी बर्नरपाशी न्यायचा, मग बटण. दोन खटक्यांत पेटले नाही तर बटण बंद करून, गॅस निघून जाईपर्यंत थांबायचे. बँकेत रांगेत अर्धा तास उभे राहतो तो माणूस शेगडीसमोर अर्धे मिनिट उभा राहू शकत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

चौथा आरोप नाही, चौथे मौन आहे. ते नळीबद्दल आहे. विम्याचा हप्ता कधी, गाडीची पीयूसी कधी, ठेवीची मुदत कधी, या तारखा आमच्या लोकांना तुकारामाच्या अभंगासारख्या पाठ असतात. शेगडीच्या नळीची तारीख विचारा. "नळीला तारीख असते?" असते. तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, ही तिची मुदतठेव. सिलिंडरलाही तारीख असते. वरचे कडे धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडा सालाचा. सी-२८ असेल तर सप्टेंबर २०२८ च्या आत त्या सिलिंडरची फेरतपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेला धनादेश आपण घेत नाही, मग मुदत उलटलेला सिलिंडर का घ्यावा?

आणि वास आला तर? या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. सडक्या कोबीसारखा तो वास म्हणजे फुकटचा पहारेकरी आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो. म्हणून आधी बटणे आणि रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या सताड उघड्या, दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, माणसे बाहेर, आणि बाहेरून १९०६ या क्रमांकाला फोन. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, बुडबुडे येतात तिथे गळती. काडी पेटवून गळती शोधणारे शास्त्रज्ञही मी पाहिले आहेत. त्यांना त्या दिवशी ती सापडली नाही, हे त्यांच्या मुलाबाळांचे नशीब.

हे सगळे शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असते, असे तुम्ही म्हणाल. असेल. पण ती इंग्रजीत नाहीतर परीक्षेला बसल्यासारख्या हिंदीत असते आणि खोक्याबरोबर माळ्यावर जाते. म्हणजे जिला रोज तीन वेळा उपयोगी पडायचे ते ज्ञान माळ्यावर, आणि ज्याला इंग्रजी येते तो खाली खुर्चीत. विजेची इंडक्शन शेगडी आली तेव्हाही तेच. ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले, ती गप्प. "बंद पडली, फसवलं!" तळाला चुंबक चिकटेल तेच भांडे तिच्यावर चालते, एवढे कुणी बाईला सांगितले नव्हते. आपली भाकरीची लोखंडी तव्याची जात तिला पसंत आहे, फक्त तव्याचा बुडखा सपाट हवा.

आता शेवटची शेगडी. ती आमच्या जिल्ह्याची खास आहे. दसरा-दिवाळी झाली की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गरीब घरातल्या बाईच्या नावाने गॅस आला. चांगले झाले, निदान पुस्तकावर तरी तिचे नाव लागले. १० ऑगस्ट २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र चालेल असेही ठरले. तरी फडावर पोचलेली बाई तीन दगड मांडून पाचट आणि काटक्यांवरच भाकरी थापताना दिसते, आणि तिच्या नावची शेगडी गावात कुलपात सहा महिने कोळ्यांना भाड्याने दिलेली असते. कोळी आडव्या नळीत जाळे विणतो, उंदीर रबर कुरतडतो. हंगाम संपवून ती परत येते, शिणलेली. पहिला चहा ठेवते आणि ज्योत पिवळी, नाहीतर खोलीत वास. त्या दिवशी, चहाच्या आधी, नळी हाताने चाचपून, फेस लावून आणि बर्नर उलटा करून पाहायला हवा. उचलीचा हिशेब मुकादम पै-पैचा तपासतो. नळी कोण तपासणार? ते काम तिच्या जोडीच्या दुसऱ्या माणसाचे आहे. फडात जो अर्धा कोयता असतो त्याने घरी अर्धी शेगडी व्हायला हरकत नसावी.

माझी मागणी फार नाही. महिन्यातला एक रविवार, अर्धा तास. घरातल्या कर्त्या पुरुषाने बर्नर काढावा, धुवावा, वाळवावा, बसवावा. नळीवरची तारीख वाचावी आणि कॅलेंडरवर लिहावी. काम झाल्यावर, स्कूटर साफ केल्यावर बोलावत असे तसे, शेजाऱ्याला बोलावून दाखवायलाही हरकत नाही. आमच्या गुरुजींनी त्या दिवशी कर्जाचा अर्ज नेला नाही, दोन सेफ्टी पिना नेल्या. कर्ज नामंजूर करून गिऱ्हाईक खूष झाल्याचे आमच्या बँकेत हे पहिलेच उदाहरण असावे.

आणि ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी निदान भाषा तरी सुधारावी. 'शेगडी पिवळी पेटते' असे न म्हणता 'मी सहा महिन्यांत बर्नरला हात लावला नाही' असे म्हणावे. वाक्य थोडे लांब होते खरे, पण त्यात कर्ता सापडतो.